प्रूफरची तिसरी चाचणी

२००६ च्या वसंतात हेर्त्सोगेनआउराखमधल्या एका घराच्या तळघरात प्रूफरनी चांगल्या चालत्या फ्रिजच्या दाराला भोक पाडले. भोक पाडायला काही मिनिटे लागली. त्याआधीचा सगळा आठवडा दार तपासण्यात गेला होता. फ्रिजच्या भिंतींतून वायूच्या बारीक नळ्या जातात आणि त्यातल्या एखादीला ड्रिल लागले की फ्रिज कायमचा जातो. दारात मात्र अशी नळी नसते. तसे पुस्तिकेत चित्रासह छापलेले होते आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते पान उघडून त्यांच्यासमोर धरले होते. "पुस्तिका विकणाऱ्यांनी लिहिलीय," प्रूफर म्हणाले. त्यांनी तांदळाच्या पिठीत स्पिरिट कालवून दाराला लेप दिला. नळी असती तर तिच्या उबेने तेवढी रेघ आधी वाळली असती. लेप सगळीकडे सारखा वाळला. त्यांनी तो पुसला आणि पुन्हा एकदा दिला.

प्रूफर हे त्यांचे नाव नव्हे. तपासणाऱ्याला जर्मनमध्ये तसा शब्द आहे, आणि गावातल्या एका यंत्रभागांच्या कंपनीत ते बेअरिंग तपासण्याचे काम करत. मूळचे नाशिकचे, पन्नाशी उलटलेले, उंच आणि किंचित वाकलेले. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघण्याऐवजी त्याच्या मागच्या भिंतीकडे बघण्याची त्यांना सवय होती. भिंतीत ओल आहे का, हे ते पाहत असावेत. गावातली आणि शेजारच्या एरलांगेनमधली मराठी मंडळी त्यांना समोर काका म्हणत आणि मागे प्रूफर. आपल्यामागे लोक काय म्हणतात याची त्यांनी खात्री करून घेतली होती.

घर तीन मजली होते. तळमजल्यावर घरमालकीण, एक वृद्ध विधवा बाई. पहिल्या मजल्यावर प्रूफर आणि काकू. दुसऱ्यावर दीपक, त्याची बायको मेधा आणि त्यांची लहान मुलगी. माळ्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. तळघर सगळ्यांचे होते. तिथे लाकडी पट्ट्यांनी आखलेले प्रत्येकाचे कप्पे होते, कपडे धुण्याचे यंत्र होते आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या.

प्रूफरच्या कामाची पद्धत त्यांच्या विभागात ठरलेली होती. तिसऱ्या चाचणीशिवाय ते कुठल्याही मालाला मान्यता देत नसत. "एका चाचणीने माणसाचं मत बनतं," ते सांगत. "दुसरीने ते पक्कं होतं. तिसरीने बहुतेक वेळा मोडतं." ही पद्धत ते घरीही वापरत. अंड्यांचा खोका दुकानात उघडून बघणारे गावात पुष्कळ होते, प्रूफर त्यातले प्रत्येक अंडे फिरवून बघत. मराठी मंडळाच्या जेवणात श्रीखंड वाढले की ते आधी वाढणाऱ्याला विचारत, चक्का कधी टांगला होता. मग त्याच्या बायकोला वेगळे विचारत. दोन उत्तरे जुळली तर खात.

बिअरवर त्यांचा राग नव्हता. आठवड्यात एखादा ग्लास ते घेत. त्यांचा संशय खानावळींवर होता. फ्रांकेन प्रांताच्या त्या भागात गावागणिक बिअर बनते आणि तिच्याबद्दल शंका घेणे हे तिथल्या लोकांना आईबद्दल शंका घेण्याइतके लागते. प्रूफर ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून फेस बसण्याची वाट बघत आणि बिअर काचेवरच्या खुणेपर्यंत पोहोचते का ते पाहत. बहुतेक वेळा पोहोचत असे. एका संध्याकाळी त्यांनी मालकाला विचारले की पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या शेवटच्या कधी धुतल्या. मालकाने विचारले, तुम्ही आरोग्य खात्याचे का? "नाही," प्रूफर म्हणाले. "पिणारा आहे." त्यानंतर आमच्या मंडळींनी खानावळ बदलली. पुढच्या खानावळीतही त्यांनी तेच विचारले. परत येताना त्यांनी जाहीर केले की यापुढे नळही आपला आणि नळ्याही आपल्याच.

त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत होता आणि घरमालकीणबाईंनी सामने बघायला बाग वापरायची परवानगी दिली होती. काकूंना नवा फ्रिज घ्यायचाच होता. जुना तळघरात प्रूफरच्या कप्प्यात उतरवला गेला. आतले कप्पे निघाले. खाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला गेला आणि त्यावर शेजारच्या गावातल्या कारखान्यातून आणलेले बिअरचे पिंप. बाजूला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर. सिलिंडरमधला वायू एका नळीने पिंपात जाई आणि त्याच्या दाबाने बिअर दुसऱ्या नळीने दारातल्या तोटीपर्यंत चढे. सगळे जोड त्यांनी स्वतः बसवले. कुणाला पाना धरू दिला नाही.

वायूबद्दल त्यांना सर्वांत जास्त संशय होता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळघरात जमिनीलगत साचतो आणि माणसाला कळण्याआधी त्याला आडवा करतो, हे ते घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे गाठून सांगून आले. दाढीचा जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ते वायूचे सगळे जोड रंगवत आणि बुडबुडा येतो का पाहत. शिवाय कप्प्यात शिरण्याआधी ते फ्रिजसमोर जमिनीवर काकूंचे निरांजन पेटवून ठेवत. ज्योत स्थिर राहिली की आत जात. घरमालकीणबाईंनी हे एकदा जिन्यावरून पाहिले. भारतात बिअर पिण्यापूर्वी तिची प्रार्थना करतात, असे त्यांनी शेजारणीला सांगितले आणि त्यात गैर काही नाही, उलट आपल्याकडच्या पुरुषांनीही शिकण्यासारखे आहे, असेही मत दिले. प्रूफरनी खुलासा केला नाही. उघडी ज्योत पूजेची आहे असे वाटले म्हणूनच बाईंनी हरकत घेतली नाही, हे त्यांना ठाऊक होते.

हरकत काकूंची होती, आणि ती वेगळ्या कारणासाठी. आदल्या शरद ऋतूत दीपक एका गावजत्रेतून बिअर पिऊन गाडी चालवत परतला होता. मुलगी मागच्या सीटवर होती. गाडी रस्त्यालगतच्या खांबावर आदळली. मुलीला खरचटलेही नाही. दीपकचे लायसन्स गेले आणि त्याच आठवड्यात मेधा मुलीला घेऊन पुण्याला आईकडे गेली. दीपकने पिणे सोडले. गुढीपाडव्याच्या सुमारास मेधा परत आली ती अट घालूनच: एकदा जरी पुन्हा घडले तर ती जाईल आणि मग येणार नाही. ही अट तिने काकूंच्या स्वयंपाकघरात प्रूफरच्या समक्ष सांगितली. "काका, मला त्याचं काही कळत नाही, तो सांगतो ते सगळंच मला खरं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही लक्ष ठेवा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

त्यामुळे या घरात हे यंत्र नको, असे काकूंचे म्हणणे होते. त्यावर दीपक स्वतःच हसून म्हणाला होता की सगळ्या गावातच बिअर आहे काकू, एका फ्रिजने काय होणार आहे. प्रूफरनी फ्रिजला कडी आणि तोटीला कुलूप बसवले. मात्र कुलपांबद्दलही त्यांचे मत चांगले नव्हते. कुलूप म्हणजे सभ्य माणसाला केलेली विनंती, असे ते म्हणत. म्हणून कडीला ते शिवणाचा एक धागा बांधून ठेवत आणि उघडण्याआधी गाठ बघत.

विश्वचषक चालू असेपर्यंत काही घडले नाही. बागेत माणसे येत, पिंप रिकामे होई, नवे येई. दीपक सफरचंदाच्या रसात सोडा घालून घ्यायचा आणि ग्लास सगळ्यांना दिसेल असा जरा उंच धरायचा. मेधा त्याच्या शेजारी उभी असायची. एका सामन्यात जर्मनीचा गोल झाला तेव्हा कुणीतरी उत्साहाने दीपकच्या हातात बिअर दिली. दीपकने ती तशीच प्रूफरकडे सरकवली. प्रूफरनी मान हलवली. एवढेच.

ऑगस्टमध्ये गाव सुट्टीवर गेले. नव्या पिंपातून बिअर घेणारे प्रूफर एकटेच उरले. शुक्रवारी ते एक ग्लास घेत आणि फ्रिजमधल्या वजनकाट्याचा काटा बघत. काटा एका ग्लासापेक्षा जास्त खाली येत होता. धाग्याची गाठ तशीच होती. कुलूप तसेच होते. त्यांनी कुलूप बदलले. काटा खाली येतच राहिला. मग त्यांनी स्वतःचा ग्लासही बंद केला, तरी पुढच्या शुक्रवारी काटा आणखी खाली होता. वायूच्या जोडांना त्यांनी पुन्हा साबण लावला. एकही बुडबुडा आला नाही.

आता त्यांना माणसे तपासायची होती. घरमालकीणबाईंना संधिवात होता आणि बिअर त्यांना डॉक्टरांनी बंद केली होती. प्रूफरनी त्यांच्याशी गप्पा मारता मारता औषधांची नावे विचारून घेतली. मी त्या काळात इटलीला गेलो होतो आणि काटा माझ्या गैरहजेरीतही उतरला. तू संशयातून सुटलास, असे त्यांनी मला परतल्यावर जिन्यातच सांगितले. मी संशयात होतो हे मला तेव्हा कळले. उरला दीपक. लायसन्स नसल्यामुळे तो बसने लवकर घरी यायचा आणि कपडे धुण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले होते. दिवसातून एकदा तरी तो तळघरात जायचा.

त्याच सुमारास मेधा एके सकाळी दीपकचा शर्ट घेऊन काकूंकडे आली. शर्ट धुतलेला आणि वाळलेला होता. तिने तो प्रूफरपुढे धरला. त्यांनी कॉलर हुंगली, बाही हुंगली. "बिअर," ते म्हणाले. मेधाने विचारले, खात्री आहे? त्यांनी पिंपाचे वजन कमी होत असल्याचे सांगितले. तोवर त्यांनी ते मेधाला सांगितले नव्हते. "वजन एक सांगतंय, वासही तेच सांगतोय. दोन वेगळ्या चाचण्या आहेत."

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणे थांबवून म्हटले, "अहो, मग तिसरी करा. कामावर तीन करता ना?"

तिसरी चाचणी प्रूफरना माहीत होती. तो तळघरातून वर येईल तेव्हा जिन्यात उभे राहायचे आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. ते म्हणाले, "नाही. जिन्यात गाठून माणसाचं तोंड हुंगायचं नसतं. मी दीपकला तसं करणार नाही."

मेधाने शर्टाची घडी घातली आणि ती वर गेली. काकूंनी मला नंतर सांगितले की त्या दिवशी पोळ्या अर्ध्याच झाल्या.

दीपक त्या संध्याकाळी बागेत प्रूफरकडे आला. मी सायकल ठेवत होतो. आवाज कुणाचाच चढला नाही. दीपक म्हणाला की त्याने एक थेंबही घेतलेला नाही. घेतला असता तर मेधाला सांगायचे धाडस झाले नसते, पण काकांना सांगितले असते. मग त्याने विचारले, "काका, तुम्ही फ्रिज तपासला का?"

"फ्रिज मी स्वतः केलाय," प्रूफर म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," दीपक म्हणाला आणि वर गेला.

मुलीचे नाव गावातल्या शाळेत पहिलीत घातलेले होते. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात. मेधा तिला घेऊन ऑगस्टअखेर पुण्याला गेली. दीपकने वाल्डॉर्फमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली आणि सप्टेंबर संपता संपता घर रिकामे केले. जाताना त्याने तळघराची किल्ली एका पाकिटात घालून प्रूफरच्या दारातल्या टपालपेटीत टाकली. बेल वाजवली नाही.

तो गेल्यानंतरच्या शुक्रवारी प्रूफरनी काटा पाहिला. काटा आणखी खाली आला होता. त्यांनी आधी किल्लीचा विचार केला: किल्लीची नक्कल करता येते. पण वाल्डॉर्फ तिथून रेल्वेने काही तासांवर होते आणि बिअर चोरायला तेवढा प्रवास कुणी करील असे त्यांनाही वाटले नाही. पुढच्या शुक्रवारी काटा पुन्हा खाली होता.

घरमालकीणबाईंची या काळात वेगळीच तक्रार होती. तळघरात बारीक माश्या झाल्या होत्या. प्रूफरना बाईंच्या बटाट्यांचा आणि सफरचंदांचा संशय होता आणि त्यांनी दोन्ही पेट्या बाहेर काढायला लावल्या. माश्या राहिल्या. तेव्हा त्यांनी बॅटरी घेऊन माश्या कुठे बसतात ते पाहिले. त्या फ्रिजच्या मागे बसत होत्या. त्यांनी फ्रिज पुढे ओढला.

घरगुती फ्रिजमध्ये मागच्या भिंतीवर जमलेले पाणी खाली एका पन्हळीत उतरते, तिथल्या बारीक छिद्रातून बाहेर पडते आणि मागे काँप्रेसरवर बसवलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत साचते. काँप्रेसरच्या उष्णतेने ते वाळून जाते. प्रूफरच्या फ्रिजची ताटली काकवीसारख्या तपकिरी, चिकट थराने भरलेली होती. थरात मेलेल्या माश्या होत्या. त्यांनी बोट लावून हुंगले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी शेवटपर्यंत पाहिले, कारण साक्षीदार म्हणून त्यांनी मला माळ्यावरून खाली बोलावले होते. त्यांनी पिंप रिकामे करून घासले, त्यात हळदीचे पाणी भरले, ताटली धुऊन परत बसवली, वायूचा दाब दिला आणि दार लावले. दोन दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलावले. स्वतः काही न सांगता बॅटरी माझ्या हातात दिली. "तुला कोणता रंग दिसतो?" मी पिवळा म्हणालो. त्यांनी काकूंना बोलावून तेच विचारले. मग घरमालकीणबाईंना. बाईंना हा कसला विधी आहे ते समजले नाही, पण गेल्ब, म्हणजे पिवळा, असे त्याही म्हणाल्या.

बिअरच्या नळीचा पिंपावरचा जोड सैल होता. तिथून सुटणारा थेंब नळीवरून घरंगळत मागच्या भिंतीला लागे, भिंतीवरून पन्हळीत, पन्हळीतून छिद्रात आणि छिद्रातून ताटलीत. काँप्रेसर तो रोज वाळवत असे. वजन त्यामुळे कमी होत होते. कपडे वाळायला घालताना दीपक शर्ट फ्रिजमागच्या, पट्ट्यांपलीकडच्या दोरीवर टाकायचा, कारण तिथली हवा गरम असे. वास त्यामुळे लागत होता. दोन्ही चाचण्या एकाच थेंबाच्या होत्या. प्रूफरनी साबण फक्त वायूच्या जोडांना लावला होता. बिअर गळाली तर फ्रिजच्या तळाशी दिसेलच, असे ते धरून चालले होते.

त्यांनी हे काकूंना सांगायला सुरुवात केली तेव्हा काकूंनी त्यांना थांबवले. "मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "तेव्हा ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

प्रूफर शनिवारच्या गाडीने वाल्डॉर्फला गेले. दीपक त्यांना स्टेशनवर भेटला, घरी घेऊन गेला नाही. फलाटावरच्या बाकावर बसून प्रूफरनी पन्हळ, छिद्र आणि ताटली यांचे रेखाचित्र काढून दाखवले. दीपकने ते पूर्ण होईपर्यंत ऐकले.

"काका, हे मला कशाला सांगताय?" तो म्हणाला. "मला माहीतच होतं."

परतीची गाडी यायला वेळ होता. तो प्रूफरबरोबर ती येईपर्यंत थांबला. हे प्रूफरनी स्वतः सांगितले.

मेधाला फोन करावा असे काकूंचे मत होते. प्रूफरनी ते मानले नाही. फोनवर कुणीही काहीही सांगू शकतो, असे ते म्हणाले. दिवाळीनंतर रजा काढून ते पुण्याला गेले. पिवळी पडलेली ताटली त्यांनी टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवली होती. विमानतळावरच्या तपासणीत अधिकाऱ्याने ती बाहेर काढून विचारले की हे काय आहे. पुरावा आहे, असे प्रूफरनी उत्तर दिले. त्यांना बाजूला घेऊन बॅग पुन्हा तपासण्यात आली. अधिकाऱ्याने काम नीट केले, असा अभिप्राय त्यांनी काकूंना मुंबईत उतरल्यावर कळवला.

कोथरूडला मेधाच्या आईच्या घरी त्यांनी ताटली चहाच्या टेबलावर ठेवली आणि सगळा प्रकार सांगितला. मेधाच्या आईने मध्येच विचारले की हे भांडे कशाचे. मेधाने ताटलीला हात लावला नाही.

"काका, मी वजनकाट्यावर विश्वास ठेवला नव्हता," ती म्हणाली. "तुमच्यावर ठेवला होता."

"म्हणूनच आलो," प्रूफर म्हणाले.

दीपकला सांगितलेत का, असे तिने विचारले. ते हो म्हणाले. तो काय म्हणाला, असे तिने विचारले. प्रूफरनी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मेधा उठून आतल्या खोलीत गेली आणि ते निघेपर्यंत बाहेर आली नाही. ताटली टेबलावरच राहिली. ही हकीकत मला काकूंकडून समजली. प्रूफर या भेटीबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी फ्रिज मोडीत दिला आणि सिलिंडर दुकानात परत केले. बिअरला ते पुन्हा खानावळीत जाऊ लागले. नळ्यांबद्दल विचारणे त्यांनी सोडले नाही. त्यांच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने मला पुढे सांगितले की त्या हिवाळ्यापासून, स्वतः जुळवलेले कुठलेही उपकरण ते आधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ लागले. ती व्यक्ती तपासत असताना ते खोलीबाहेर उभे राहत, म्हणजे आपल्या तोंडाकडे बघून तिने काही ठरवू नये.

मेधा आणि मुलगी पुढच्या मार्चमध्ये फ्रांकफुर्टला उतरल्या. त्यांना घ्यायला दीपक रेल्वेने एकटा गेला होता. प्रूफरना हे काकूंनी सांगितले. त्यांनी विमान वेळेवर आले का एवढे विचारले आणि मग, मुलीला शाळेत कुठल्या वर्गात घेतले, ते विचारून ठेवायला सांगितले. काकू आणि मेधा यांचे फोन सुरू झाले. फोन आला की प्रूफर खोलीतून उठून जात. मेधाने त्यांना फोनवर बोलावले नाही आणि त्यांनी तशी अपेक्षा बोलून दाखवली नाही. दीपकचा फोन कधी आला नाही. हे वर्षभर चालले.

२००८ च्या उन्हाळ्यात मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. फोन वाजला, काकूंनी घेतला आणि प्रूफरपुढे धरला. पलीकडे दीपक होता. प्रूफर बहुतेक वेळ फक्त हं, हं करत होते. मध्येच त्यांनी विचारले, विकणारा कोण आहे? आणि तो का विकतोय? फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितले की दीपकला लायसन्स परत मिळाले आहे आणि तो एक जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहे. गाडीत मुलगी बसणार आहे, तेव्हा तुम्ही एकदा बघून जाल का, असे त्याने विचारले होते. काकू भात वाढत होत्या. "मग जा," त्या म्हणाल्या. प्रूफरनी ताट तसेच ठेवून रेल्वेच्या वेळा बघितल्या.

ते शनिवारी गेले. या वेळी दीपक त्यांना स्टेशनवरून घरी घेऊन गेला. मेधाने पोहे केले होते. विक्रेत्याच्या अंगणात प्रूफर सतरंजी पसरून गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दीपकची मुलगी वाकून त्यांना जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती आणि ते खालून मराठीत उत्तरे देत होते. विक्रेत्याने दोनदा घड्याळ पाहिले. मग प्रूफर बाहेर आले, त्यांनी हात पुसले आणि ही गाडी घेऊ नकोस असे दीपकला सांगितले. दीपकने नंतर माझ्यापाशी या सगळ्याला दुजोरा दिला. त्याने कारण विचारले नव्हते. ती गाडी त्याने घेतली नाही.